गावच्या घराची संडासाची टाकी: विहीर जवळ, पाऊस भरपूर. कशी बांधावी?

केवड्याचं_बन

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमच्या जुन्या घरामागे नवं घर बांधायला घेतलंय. जोतं झालंय, आता मागच्या बाजूचं संडास-न्हाणीचं काम सुरू होईल. आई-बाबा वर्षभर तिथेच असतात. आम्ही भावंडं मे महिन्यात आणि गणपतीला जातो, तेव्हा पंधरा-अठरा माणसं होतात.

गवंडीदादा म्हणतात, आठ फूट खोल खणू, चिऱ्याने बांधू, तळ उघडा ठेवू, वर स्लॅब. "पन्नास वर्षं बघायला नको." खर्चही कमी सांगतायत. पण आमची पिण्याच्या पाण्याची विहीर त्या जागेपासून जेमतेम पस्तीस फुटांवर आहे, शेजाऱ्यांची त्याच्या थोडी पलीकडे. माती लाल, चार-पाच फुटांखाली जांभा (ज्याचे चिरे काढतात तो लाल सच्छिद्र दगड) लागतो. पावसात विहीर काठोकाठ भरते, हाताने पाणी काढता येतं.

बाबांचा गवंड्यावर विश्वास आहे, माझ्या मनात धाकधूक. ज्यांनी बांधलीय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगावं. किती मोठी, कशाची, कुठे? काम पुढच्या महिन्यात.

---

पोफळीबाग

घाबरू नका हो. कोकणात सगळीकडे अशाच टाक्या आहेत. आमच्या चुलत्यांची आहे, ते छाती फुगवून सांगतात, "वीस वर्सां झाली, टाकी अजून भरूक नाय." गवंडी अनुभवी असेल तर करू द्या त्याला. उगाच शहरातली पुस्तकी गणितं नकोत.

---

रिकामटेकडा_इंजिनिअर

पोफळीबाग, राग मानू नका, पण या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुमच्याच चुलत्यांनी सांगितलाय. वीस वर्षं वापर होऊन टाकी भरत नाही, तर त्यात पडलेलं जातं कुठे? गाळ काही प्रमाणात कुजून कमी होतो, पण पुरता नाहीसा कधीच होत नाही. आणि पाणी तर सगळंच्या सगळं जमिनीत जातं. तळ उघडा, खाली जांभा, बाजूला विहीर. न भरणारी टाकी म्हणजे गळणारी टाकी. तिला सेप्टिक टँक म्हणत नाहीत, खड्डा म्हणतात.

केवडाताई, सविस्तर लिहितो. पाणीपुरवठ्याच्या कामात बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे लांबण लागेल.

लोक टाकीच्या मापापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात उलट्या टोकाने करावी: टाकीतून बाहेर पडणारं पाणी कुठे जाणार? सेप्टिक टँक निम्मंच काम करते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट-हलकं वर साय होऊन तरंगतं, आणि मधलं पाणी पलीकडच्या पाइपातून बाहेर पडतं. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ हळूहळू कुजवतात. पण ते बाहेर पडलेलं पाणी स्वच्छ नसतं. दिसायला गढूळ, वासाला वाईट, आणि जुलाब-कावीळ-टायफॉइडचे जंतू त्यात जिवंत असतात. ते मरतात किंवा अडकतात ते पुढे मातीत, आणि तेही माती कोरडी असेल, पाण्याला तिच्यातून सावकाश झिरपावं लागत असेल तर. म्हणून खरं शुद्धीकरण टाकीत नाही, शोषखड्ड्याच्या, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याच्या, आजूबाजूच्या मातीत होतं.

आपल्याकडे यासाठी भारतीय मानक आहे, आय.एस. २४७०, दोन भागांत. पहिला टाकीबद्दल, दुसरा टाकीतून निघालेल्या पाण्याबद्दल. दुसरा भाग कोणी उघडतच नाही. त्यात शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा, आणि घरापासून ६ मीटर. शिवाय खड्ड्याचा तळ भूजल पातळीच्या निदान २ मीटर वर. तुमच्याकडे पावसात विहीर काठोकाठ असते, म्हणजे जुलैत भूजल अंगणाखाली हात-दोन हातांवर आलेलं असतं. आठ फूट खोल उघडा खड्डा तेव्हा भूजलातच उभा असेल. त्यातला मैला आणि तुमची विहीर यांच्यामध्ये तेव्हा कोरडी माती अशी उरतच नाही.

आधी एवढं सांगा: उतार कुठल्या बाजूला आहे? विहीर वरच्या अंगाला की खालच्या? आणि प्लॉट किती लांब?

---

केवड्याचं_बन

बाप रे. धन्यवाद. प्लॉट लांबट आहे, घरामागून जवळपास शंभर फूट. विहीर घराच्या उजव्या हाताला, उताराच्या वरच्या अंगाला. डाव्या हाताला जमीन खाली उतरत जाते, तिथे माड आणि काजू, पुढे गडगा (दगडी कुंपण). गवंडीदादांनी मागची जागा निवडली कारण तिथून संडास जवळ पडतो, पाइप कमी लागतो.

---

रिकामटेकडा_इंजिनिअर

मग तुमचं नशीब बरं आहे. टाकी आणि शोषखड्डा शेजारीशेजारीच हवेत असं कुठेही लिहिलेलं नाही. टाकी घट्ट, म्हणजे अजिबात न गळणारी बांधली तर ती घराजवळ चालेल, तरीही विहिरीच्या विरुद्ध बाजूला घ्या. तिथून बंद चार इंची पाइप डाव्या उतारावर काजूकडे न्या आणि पाणी तिथे जिरवा. टाकीनंतरच्या पाण्यात घट्ट मैला नसतो, त्याला शंभर फुटाला एक फूट उतार पुरतो. संडास ते टाकी मात्र जरा जास्त हवा, चाळीस फुटाला एक फूट धरा, आणि काटकोनी बेंड टाळा. वळण घ्यावंच लागलं तर तिथे चेंबर करा.

एकदा टेपने मोजा: पाणी जिरवायच्या जागेपासून तुमची विहीर, शेजाऱ्यांची विहीर, आणि गडग्यापलीकडे कोणाची असेल तर तीही. खालच्या शेजाऱ्याकडे उतार जातो हे विसरू नका. आपली विहीर वाचवून त्याच्या विहिरीत पाठवण्यात अर्थ नाही.

माप: वर्षभर दोनच माणसं असली तरी मी दहा माणसांचं माप घ्यायला सांगेन. मानकातलं माप, दोन-तीन वर्षांनी गाळाचा उपसा धरून: आतून २ मीटर लांब, ९० सेंमी रुंद, पाण्याची खोली १.४ मीटर. वर ३० सेंमी मोकळी जागा. म्हणजे साडेसहा फूट बाय तीन फूट, आतली उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर. अडीच हजार लिटरची टाकी झाली. पाच माणसांसाठी १.५ मीटर बाय ७५ सेंमीची चालते, पण गणपतीत ती दमेल.

गणपतीची अठरा माणसं बघून घाबरायचं कारण नाही. ती थोडेच दिवस असतात, तेवढ्यात गाळ फारसा वाढत नाही, वाढतं ते पाणी. माणशी ३०-४० लिटर फ्लशचं धरलं तरी दिवसाला सातशे लिटरच्या आसपास. टाकीत पाणी निदान एक दिवस थांबायला हवं, इथे दोन दिवसांहून जास्त थांबेल. मात्र एक अट आहे. न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी या टाकीत सोडायचं नाही. ते माडाला, केळीला, अळवाला द्या. साबणाचं आणि तेलकट पाणी टाकीत गेलं की गाळ बसण्याआधीच ढवळला जातो. पागोळीचं पाणी तर अजिबात नको.

दोन हजार लिटरच्या वर टाकी गेली की आत मधली भिंत घाला, आत येणाऱ्या बाजूपासून दोन-तृतीयांश अंतरावर. तुमच्या टाकीत ती चार फूट चार-पाच इंचांवर येईल. तिच्यातली भोकं पाण्याच्या मध्यावर ठेवा. तळाशी ठेवलीत तर गाळ जाईल, वर ठेवलीत तर साय. आत येणारा आणि बाहेर जाणारा, दोन्ही पाइपांना आत टी (इंग्रजी T आकाराचा जोड) लावायचा, नुसता उघडा पाइप नको. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा ५ सेंमी खाली. गवंडी हे ५ सेंमी हमखास विसरतात किंवा उलटं करतात, मग पाणी संडासाकडे तुंबतं.

---

चिरेखाणवाला

चिऱ्याबद्दल मी बोलतो, धंदाच तो आहे. चिरा बांधकामाला उत्तम, टाकीला चालतो, पण चिरा स्वतःच पाणी पितो. टाकीत वापरलात तर आतून एकास तीनचं सिमेंट प्लास्टर, वॉटरप्रूफिंगची पावडर घालून, कोपरे गोल करून. तळाला सहा इंच काँक्रीट. प्लास्टरला पंधरा दिवस पाणी मारा. यात कोणी घाई करू लागला तर त्याला चहा पाजून बसवून ठेवा.

झाल्यावर टाकी पाण्याने काठापर्यंत भरा आणि खूण करा. पहिला दिवस सोडा, प्लास्टर पाणी ओढतं. दुसऱ्या दिवशीही पातळी उतरत असेल तर गळते आहे. बाहेरून माती लोटायच्या आधी हे करायचं.

---

काळीमाती

वर्ध्याहून. आमच्याकडचा प्रश्न अगदी उलटा आहे. काळ्या कपाशीच्या जमिनीत पाणी जिरतच नाही. शोषखड्डा केला की पहिल्या पावसाळ्यात भरून वाहतो. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसात फुगते, टाकीच्या विटांच्या भिंतीला तडे. आम्ही शेवटी भिंती आर.सी.सी.च्या (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) केल्या आणि टाकीच्या चहूबाजूंनी काळी माती काढून मुरूम भरला. पाण्यासाठी काय करावं ते मात्र अजून सुटलं नाही, रस्त्याच्या नालीत जातं. गाव नावं ठेवतं.

---

रिकामटेकडा_इंजिनिअर

काळीमाती, म्हणूनच खणायच्या आधी जिरण्याची चाचणी करतात. कोणालाही घरी करता येते. जिथे पाणी सोडायचं तिथे वीतभर रुंद खड्डा, जेवढ्या खोलीवर पाणी जिरवायचं तेवढा खोल. कडा खरवडा, तळाशी दोन इंच खडी, पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा खडीवर वीतभर पाणी घाला आणि पट्टीने बघा, पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात. तीसच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो. तीस ते साठ असेल तर खड्डा नको, लांब उथळ चर. साठच्या वर गेलं तर ती जमीन पाणी घेणारच नाही, मग खडीतून खालून वर पाणी चढवणारा फिल्टर वगैरे बांधावा लागतो. तुमच्याकडे बहुधा हाच शेवटचा प्रकार आहे. नालीत सोडणं हा उपाय नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

केवडाताईंकडे मला उलटी शंका आहे. जांभ्यात पोकळ्या असतात, पाणी सरसर उतरतं. फार भरभर जिरणंही वाईटच, मातीला गाळायला वेळ मिळत नाही. म्हणून तुम्हाला खोल शोषखड्डा नको. वरच्या लाल मातीत उथळ चर करा, दोन-अडीच फूट खोल, तळाशी धुतलेली खडी, त्यात भोकं पाडलेला पाइप, वर पुन्हा खडी आणि मग माती. जांभ्यापर्यंत जायचंच नाही. एकाऐवजी दोन चर, मध्ये सहा-सात फूट अंतर. उताराला आडवे घ्या, उतारावरून खाली नव्हे. भर पावसात दोन मीटरची कोरडी माती तिथेही मिळणार नाही, पण डावीकडची जमीन खाली उतरते, तिथे पाणी विहिरीपासून दूरच वाहील, आणि उथळ चरात निदान वरची माती तरी मध्ये राहते. चाचणी मात्र आत्ता एकदा आणि पावसात एकदा करा. मे महिन्यातला आकडा जुलैत फसवतो.

---

पोफळीबाग

मुद्दा मान्य. चुलत्यांना फोन केला. त्यांची विहीर टाकीपासून चाळीस फुटांवर. पाणी कधी तपासलंय का विचारलं तर म्हणाले, "गोड आसा, तपासतलंय कित्याक?" म्हणजे, गोड आहे, तपासायचं कशाला?

---

सुंठवडा

पोफळीबाग, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे जीवाणू चाचणीच्या छोट्या बाटल्या मिळतात बऱ्याच ठिकाणी. पाणी भरून ठेवायचं, दोन दिवसांत काळं पडलं तर मैल्याचे जंतू असण्याचा संशय. पावसाळ्यात करा, तेव्हाच खरं कळतं. आणि गोड चवीचा जंतूंशी काही संबंध नाही. काळं पडलं तर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून मोकळे होऊ नका, ती मलमपट्टी आहे. गळती तशीच राहते.

अवांतर: तेच टीसीएल किंवा फिनेल संडासात ओतून टाकी "साफ" करणारे महाभाग आमच्या घरातच आहेत. टाकीतले जिवाणूच मारले तर कुजवणार कोण?

---

केवड्याचं_बन

बाबांना सगळं वाचून दाखवलं. चर आणि घट्ट टाकी त्यांना पटली. गवंडीदादा मात्र म्हणतात, तयार प्लॅस्टिकची टाकी आणा, एका दिवसात काम. आणि भावाने बायोडायजेस्टर सुचवलाय, रेल्वेच्या डब्यांत असतो तो. त्यात म्हणे कधीच उपसा लागत नाही?

---

चिरेखाणवाला

प्लॅस्टिकची वाईट नाही, गळत नाही हा मोठा गुण. पण दोन गोष्टी. बसवताना आत पाणी भरत भरत बाहेरून वाळू भरायची, नाहीतर टाकी आत दबते. आणि तुमच्या जमिनीत पावसात भूजल वर आलं की रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. खाली काँक्रीटचा ठोकळा करून पट्ट्यांनी बांधावी लागेल. उपसा चुकूनही पावसाळ्यात करू नका. एप्रिल-मे, आणि उपसल्यावर लगेच पाणी भरून ठेवायचं.

---

रिकामटेकडा_इंजिनिअर

बायोडायजेस्टर, म्हणजे जिवाणूंनी मैला कुजवणारी टाकी, डीआरडीओचा (संरक्षण संशोधन संस्थेचा), ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेतला. चांगली गोष्ट आहे. पण त्यातूनही पाणी बाहेर पडतं आणि ते जिरवावंच लागतं. विहीर-चराचं गणित तेच राहतं. "कधीच उपसा नाही" असं सांगून विकणाऱ्या कोणत्याही वस्तूकडे मी संशयाने बघतो.

माणसं कमी, गल्ली अरुंद आणि उपसा गाडी येऊच शकत नसेल तर दोन खड्ड्यांचा संडास विचारात घ्या, स्वच्छ भारत योजनेत बांधतात तो. एक खड्डा वापरायचा, भरला की मधल्या चेंबरमध्ये पाणी दुसऱ्याकडे वळवायचं. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आतला मैला कोरडं खत होतो, फावड्याने काढता येतो. पण त्या खड्ड्यांच्या भिंती जाळीदार असतात, ते जमिनीत पाणी सोडतात. तुमच्या भूजलाला मी तो सुचवणार नाही.

---

कृष्णाकाठची

उपशाबद्दल. आमच्या वाईत आणि तिकडे सिन्नरला नगरपरिषदांनी २०१८ पासून ठरवून उपसा सुरू केला, घरोघरी तीन वर्षांतून एकदा गाडी येते, टाकी तुंबायची वाट बघत नाहीत. गाळ प्रक्रिया केंद्रावर जातो. गावाकडे मात्र तुम्हालाच बोलवावं लागेल. गाडीवाल्याला दोन गोष्टी विचारा: पाइप किती लांब आहे, आणि गाळ ओतणार कुठे. दुसऱ्या प्रश्नाला तो हसला तर दुसरा गाडीवाला शोधा, कारण तो तुमच्याच वहाळात ओतणार आहे.

---

नॉर्थ_कॅरोलायनाकर

इथे उत्तर कॅरोलायनात आमचं घर सेप्टिकवरच आहे. परवानगीच्या आधी काउंटीचा (जिल्हा प्रशासनाचा) माणूस येऊन आमच्या मातीची पाहणी करून गेला. चराची जागा त्याने ठरवली, आम्ही नाही. शिवाय पहिला चर निकामी झाला तर दुसरा करायला तेवढीच जागा मोकळी ठेवायला लावली. त्यावर गॅरेज बांधायचं होतं, नाही म्हणाले. तेव्हा चिडचिड झाली, पण केवडाताई, तुम्हीही तेवढी जागा सोडून ठेवा. चरावरून गाडी नेऊ नका, आणि काजूची मुळं पाइपात शिरतात का ते बघा.

---

सुंठवडा

कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. टाकी उघडून आत माणूस उतरवायचा नाही. रिकामी असली तरी नाही, दोन तास उघडी ठेवली तरी नाही. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतो. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणजे धोका गेलासं वाटतं तेव्हाच तो सगळ्यात मोठा असतो. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. दर वर्षी पेपरात हीच बातमी.

आणि हा गुन्हाही आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणाऱ्याला पहिल्या वेळीच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारात किंवा टाकीत मृत्यू झाल्यास भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. "गावचा माणूस आहे, पाचशे रुपयांत उतरतो" असं कोणी सांगितलं तर त्याला हे वाचून दाखवा. गवंडीदादांनाही सांगा, जुन्या टाकीच्या दुरुस्तीला कोणी आत जायचं नाही.

---

केवड्याचं_बन

सुंठवडाताई, जुन्या घराची एक टाकी आहेच, ती बुजवायची होती. बरं झालं लिहिलंत. आधी गाडी बोलावून उपसू, मग स्लॅब फोडून वरूनच डबर-माती भरू.

ठरलं ते असं: आर.सी.सी. तळ, चिऱ्याच्या भिंती आतून प्लास्टर, दोन कप्पे, घराच्या डाव्या बाजूला. पुढे बंद पाइप आणि काजूच्या अलीकडे दोन उथळ चर. तिथून विहीर पंच्याऐंशी फूट भरली, शेजाऱ्यांची त्याहून लांब, गडग्यापलीकडे विहीर नाही. जिरण्याची चाचणी शनिवारी. गवंडीदादा कुरकुरले, पाइप जास्त लागतो म्हणून. शेवटचा प्रश्न: व्हेंट पाइप (टाकीतला वायू बाहेर सोडणारा) किती उंच? आणि सुरुवातीला आत काही टाकायचं असतं का?

---

रिकामटेकडा_इंजिनिअर

पाइप निदान दोन इंची. टाकी घरापासून १५ मीटरच्या आत आहे, म्हणून तो छपराच्या वर २ मीटर न्या आणि तोंडाला डासांची जाळी लावा. जाळी दर वर्षी बघा, गंजते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

सुरू करताना टाकी बाहेरच्या पाइपापर्यंत साध्या पाण्याने भरा, गळतीच्या चाचणीचं पाणी आहेच. त्यात दुसऱ्या चालू टाकीतला थोडा गाळ किंवा बादलीभर कुजलेलं शेण कालवून टाका. बाजारातल्या पावडरींची गरज नाही, माणसं वापरू लागली की जिवाणू आपोआप येतात.

---

चिरेखाणवाला

आणि दोन्ही कप्प्यांवर वेगळं झाकण ठेवा, उचलता येईल असं, पण पोरांना उचलता येणार नाही इतकं जड. माती लोटायच्या आधी फोटो काढा. घराच्या कोणत्या कोपऱ्यापासून झाकण किती फुटांवर, पाइप कुठून कुठे गेला, दोन्ही चर कुठून कुठे, सगळं कागदावर काढून घराच्या कागदपत्रांत ठेवा. लोक वर फरशी घालतात, तुळस मांडतात, आणि उपसायची वेळ आली की अंगणभर पहारीने ठोकत फिरतात.

---

केवड्याचं_बन

फरशीचा बेत होताच! रद्द. शनिवारच्या चाचणीचा आकडा इथेच टाकते.